तुकडा तर घेतला होता, मग पुन्हा सुई कशाला?

“दुर्बीण टाकली तेव्हाच तुकडा घेतला होता. मग आता परत सुई कशाला?”

आमच्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारा बहुधा मुलगा, नाहीतर जावई. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात फाइल आणि सीटी स्कॅनच्या फिल्मा, चेहऱ्यावर संशय. हा संशय मला कधी गैर वाटलेला नाही. एंडोस्कोपीचे पैसे भरून झालेले असतात, रिपोर्टसाठी आठवडाभर थांबून झालेलं असतं आणि हाती आलेल्या कागदावर एवढंच असतं: सूज आहे, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो. तेवढ्यात डॉक्टर म्हणतात, आता सोनोग्राफीत बघून बायोप्सी करू.

गोम आहे ती पचनमार्गाच्या भिंतीत. ही भिंत थरांची असते. सगळ्यात आत मऊ, ओलसर अस्तर. त्याखाली रक्तवाहिन्यांचा विरळ थर. मग स्नायूंचा जाड थर आणि बाहेरून पातळ आवरण. दुर्बिणीतून जो चिमटा आत जातो त्याचं तोंड दोन-तीन मिलिमीटरचं. तो अस्तराचा टवका काढतो. रोग अस्तरातच उगवला असेल, म्हणजे जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा नेहमीचा कॅन्सर असेल, तर तेवढा टवका पुरतो. तिथे दुर्बिणीला तोड नाही, आणि सुईचा विषयच निघत नाही. पण रोग अस्तराच्या खाली पसरत असेल तर चिमट्यात येतं ते वरचं निरोगी अस्तर. भिंतीला आतून ओल धरलीय आणि आपण डिस्टेंपरचा पापुद्रा तपासायला पाठवलाय, असा प्रकार. रिपोर्ट खोटा नसतो, नमुना चुकीच्या थरातला असतो.

असे खालच्या थरातले रोग कमी नाहीत. स्नायूच्या थरातून वाढणारी ‘जिस्ट’ नावाची गाठ आहे. आतड्याचा लिम्फोमा आहे. जठराची भिंत चामड्याच्या पखालीसारखी ताठ करून टाकणारा एक कॅन्सर आहे. त्यात आतून पाहिलं तर अस्तर चांगलं दिसतं आणि चिमटा पुन्हापुन्हा रिकामा येतो. आणि आपल्याकडे ज्याला विसरून चालतच नाही तो आतड्याचा टीबी आहे.

दुसरी अडचण पोहोचण्याची. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. वरून घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या तोंडाशी थांबते. खालून घातलेली कोलोनोस्कोपी मोठं आतडं संपवून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरांत डोकावते. मधला सगळा पल्ला तसाच राहतो. तिथवर जाणाऱ्या खास दुर्बिणी आहेत, पण त्या मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत.

अशा वेळी पोटावरून केलेली साधी सोनोग्राफी कामाला येते. आतड्याची निरोगी भिंत तीन मिलिमीटरच्या आत असते, जठराची साधारण पाचच्या. ती फुगून दीड-दोन सेंटिमीटर झाली की पडद्यावर एक गमतीदार आकृती दिसते: भोवती काळसर जाड कडं आणि मधोमध वायूची पांढरी रेघ. हुबेहूब मूत्रपिंड. आमच्या पुस्तकांत तिला खोटं मूत्रपिंड असंच म्हणतात. बेंबीजवळ तिसरं मूत्रपिंड दिसायला लागलं की समजायचं, हे आतडं आहे आणि त्याची भिंत सुजलेली आहे. कशाने सुजली आहे ते मात्र सोनोग्राफी सांगत नाही, सीटी स्कॅनही खात्रीने सांगत नाही. ते सांगायला तुकडाच लागतो.

आणि ते कळणं का इतकं गरजेचं, तेही सांगतो. उजव्या बाजूला खाली, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं, तिथे जाड झालेली भिंत टीबीची असू शकते, क्रोन्स नावाच्या आजाराची असू शकते, लिम्फोमाची किंवा कॅन्सरची असू शकते. चित्र बरंचसं सारखं, पण वाटा चार. टीबीला साधारण सहा महिन्यांच्या गोळ्या. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, जी टीबीच्या माणसाला दिली तर टीबी भडकतो. लिम्फोमाला बहुधा केमो. कॅन्सरला ऑपरेशन. ‘बघू, आधी टीबीची औषधं देऊन पाहू’ असं म्हणत दोन-तीन महिने काढलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यातल्या काहींचा तो लिम्फोमा निघाला. म्हणून पहिला सल्ला हाच: तुकडा घेण्याआधी अंदाजाने स्टेरॉइड किंवा टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. स्टेरॉइडने लिम्फोमा तात्पुरता विरघळल्यासारखा होतो आणि मग सुईत काही सापडत नाही. टीबीच्या गोळ्या सुरू केल्या तर जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीची धार जाते. रुग्ण अत्यवस्थ असेल तर गोष्ट वेगळी. तो निर्णय डॉक्टरांचा.

सुई कुठून जाते

दोन वाटा आहेत. एक पोटाच्या कातडीतून, वरून सोनोग्राफीचा प्रोब धरून. दुसरी तोंडातून, टोकाला छोटा सोनोग्राफीचा प्रोब असलेली दुर्बीण जठरात उतरवून. दुसरीला ईयूएस म्हणतात; आमच्याकडे येणारी मंडळी ‘आतली सोनोग्राफी’ म्हणतात आणि ते नाव मला जास्त आवडतं. या आतल्या सोनोग्राफीखाली स्वादुपिंडाच्या गाठींतून सुईने नमुना घेण्याचं काम डेन्मार्कच्या पीटर विल्मन यांनी 1992 साली प्रसिद्ध केलं. आज तोच मार्ग जगभर नित्याचा आहे.

कुठली वाट घ्यायची हे गाठ कुठे आहे त्यावर ठरतं. अन्ननलिका, जठर, ड्युओडेनम यांच्या भिंतीतल्या गाठी, स्वादुपिंड आणि आसपासच्या लसिकाग्रंथी यांना आतली सोनोग्राफी सोयीची, कारण प्रोब गाठीला जवळजवळ टेकलेला असतो. भिंतीचे पाच पट्टे पडद्यावर एकाखाली एक मोजता येतात आणि गाठ कुठल्या पट्ट्यातून उगवली हे दिसतं. चौथा पट्टा स्नायूचा. तिथून उगवलेली जठरातली गाठ म्हटलं की पहिला संशय जिस्टचा. दुसऱ्या टोकाला मलाशयाची भिंतही खालून अशीच पाहता येते. याउलट लहान आतडं, मोठ्या आतड्याचा बराचसा भाग, आतड्याला धरून ठेवणारा पडदा आणि पोटातली चरबीची झालर इथे पोटावरूनच जावं लागतं.

वरून जाताना आमचा शत्रू एकच, हवा. सोनोग्राफीचा आवाज हवेतून पुढे सरकत नाही आणि आतड्यात हवा तर असणारच. यावरचा उपाय साधा आहे: प्रोबने पोट हळूहळू, दमादमाने दाबत जायचं. मधली आतडी बाजूला सरकतात, हवा पांगते आणि गाठ कातडीच्या जवळ येते. डच रेडिओलॉजिस्ट पायलार्ट यांनी 1986 मध्ये अपेंडिक्स पाहण्यासाठी ही दाबण्याची पद्धत मांडली. सुई घालताना आम्ही तीच वापरतो. सीटीखालीही बायोप्सी होते, पण सीटीत सुई पुढे सरकवा, थांबा, चित्र काढा, पुन्हा सरकवा असं चालतं. सोनोग्राफीत सुईचं टोक चालताना दिसतं आणि कलर डॉप्लर लावला की वाटेतली रक्तवाहिनीही. गाठ पोटावरून दिसत असेल तर मी तरी सोनोग्राफीच निवडतो. ती दिसतच नसेल तर हट्ट करण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट नातेवाइकांना पटवून द्यावी लागते. दुखणं आतड्यात आहे म्हणून सुईही आतड्यातच गेली पाहिजे असं नाही. लिव्हरमध्ये डाग असतील, मानेत गाठ हाताला लागत असेल, पोटातली झालर जाड झाली असेल, तर तिथला तुकडा घेणं सोपं, धोका कमी, आणि रोग तिथवर पोहोचलाय का हेही त्याच रिपोर्टात कळतं. “आतडं सोडून लिव्हरला कशाला टोचलं?” असं विचारणाऱ्या एका काकांना मी हेच समजावून सांगितलं होतं. त्यांना पटलं नाही, पण रिपोर्ट आल्यावर ते स्वतःच दुसऱ्यांना समजावून सांगू लागले.

‘एफएनएसी’ आणि ‘बायोप्सी’ यांतही गोंधळ होतो. बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरायच्या, ती एफएनएसी. थोड्या जाड सुईने अखंड तुकडा काढायचा, ती कोअर बायोप्सी. मार्केट यार्डात व्यापारी पोतं न उघडता टोकदार नळी खुपसून मुठीएवढं धान्य बाहेर काढतो, तसं. पेशींवरून कॅन्सर आहे की नाही हे बऱ्याचदा कळतं. पण लिम्फोमाचा प्रकार, जिस्टची ओळख किंवा टीबीतल्या गाठोळ्या यांसाठी पेशींची एकमेकींत असलेली रचना दिसावी लागते, आणि त्यावर पुढच्या तपासण्या करायला पुरेसं मटेरियल लागतं. डॉक्टरांना सरळ विचारा: पेशी घेणार की तुकडा? आणि तेवढ्याने पुढचे प्रश्न सुटतील का?

सुई लावू नये तेव्हा

“सुई लागली की कॅन्सर पसरतो” हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही जा, ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे ते चिमूटभर. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, विशेषतः लिव्हरच्या मूळ कॅन्सरमध्ये, पण ती थोडी आहेत. उशिरा आलेल्या रुग्णाचा रोग आधीच पसरलेला असतो, सुई निमित्ताला धनी होते. तरीही या भीतीला हसून उडवून लावणारे डॉक्टर मला पटत नाहीत, कारण सुई टाळावी अशा जागा खरोखरच आहेत.

गाठ स्पष्ट आहे, काढता येण्याजोगी आहे आणि तुकड्याचा रिपोर्ट काहीही आला तरी ऑपरेशन होणारच आहे, तर मग सुईने काय साधणार? स्वादुपिंडाच्या काही गाठींबाबत, छोट्या सुट्या जिस्टबाबत सर्जन म्हणूनच सरळ ऑपरेशन सुचवतात. तो निष्काळजीपणा नाही. अपेंडिक्स जेलीसारख्या द्रवाने फुगलेलं असेल तर सुईने ते द्रव पोटात सांडण्याचा धोका. तिथे हात लावायचा नाही. शेळ्या-मेंढ्या आणि त्यांच्यामागे फिरणाऱ्या कुत्र्यांच्या सहवासात राहणाऱ्यांच्या पोटात हायडॅटिडची पाण्याची गाठ असू शकते. नकळत ती फोडली तर जिवावर बेतणारी अॅलर्जी येऊ शकते, तेव्हा घरी जनावरं असतील तर ते आवर्जून सांगा. अचानक ब्लडप्रेशर चढणं, धडधड, दरदरून घाम, डोकं ठणकणं असे झटके येत असतील तर तेही. अशी लक्षणं देणारी एक दुर्मीळ गाठ सुई लागताच ब्लडप्रेशर भलतंच चढवते; आधी लघवीची किंवा रक्ताची तपासणी करून ती नाही ना, याची खात्री करतात. चरबीची साधी गाठ तर सीटीतच ओळखू येते. तिला टोचण्याचं काही कारण नाही.

सही करण्याआधी म्हणून एवढंच विचारा: “या रिपोर्टमुळे आमच्या उपचारात काय बदलणार?” उत्तर ठाम आलं तर खुशाल सही करा. डॉक्टर घुटमळले तर सर्जन, पोटविकारतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलावं असा आग्रह धरा. संमतीपत्र मराठीत मागा; बहुतेक ठिकाणी असतं, कपाटातून काढायचा कंटाळा असतो.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

रक्त गोठण्याच्या तपासण्या हव्यातच. प्लेटलेट 50,000 च्या वर आणि आयएनआर साधारण 1.5 च्या आत असला म्हणजे आम्ही निर्धास्त असतो. त्याहून मोठा प्रश्न गोळ्यांचा. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा अलीकडची रक्त पातळ करणारी नवी औषधं यांपैकी काही चालू असेल तर गोळ्यांची पाकिटंच घेऊन या. “हृदयाची एक बारीक पिवळी गोळी आहे” यावरून मला काही कळत नाही. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, नव्या औषधांना कमी दिवस पुरतात. पण ऐका, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील तर ती गोळी थांबवण्याचा धोका बायोप्सीतल्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असतो. हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी घेऊनच या.

सहा ते आठ तास उपाशी राहायचं. उपाशी म्हणजे काय, यावर आमचं रोज एक भांडण ठरलेलं. “काही खाल्लं नाही डॉक्टर, फक्त चहा-बिस्किट.” चहात दूध असतं, बिस्किट हे खाणं आहे. केळंही खाणंच. साधं पाणी तपासणीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, मात्र आतड्यात अडथळा असेल किंवा उलट्या होत असतील तर तेही विचारून. ब्लडप्रेशरची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन येऊ नका. त्या दिवशीचा डोस आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पूर्वी कुठल्या भुलीच्या इंजेक्शनची अॅलर्जी झाली असेल तर ते सुई टोचण्याआधी सांगा.

जुनी सोनोग्राफी, सीटीची सीडी आणि एंडोस्कोपीचा रिपोर्ट बरोबर आणा. सीडी नसली तर फिल्म तरी. नुसत्या कागदावरच्या दोन ओळींवरून सुईची वाट ठरत नाही. सरकारी योजनेतून उपचार घेत असाल तर ही तपासणी त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या, नंतर नाही.

पोटावरून करायच्या बायोप्सीत पूर्ण भूल लागत नाही. कातडी आणि पोटाचा आतला पडदा लिग्नोकेनने बधिर करतात. ते इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं लागतं, मग दाब कळतो, दुखत नाही. सुई बहुतेकदा 18 नंबरची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. सुई एका स्प्रिंगच्या बंदुकीत बसवलेली असते आणि बटण दाबलं की खट् असा आवाज होतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकून माणूस दचकतो, आणि दचकला की पोट हलतं. म्हणून मी सुई आत घालण्याआधी बंदूक हवेत एकदा वाजवून दाखवतो. “आजी, असा आवाज येईल. मी श्वास धरा म्हटलं की धरायचा, सोडा म्हणेपर्यंत हलायचं नाही.” दुसऱ्या खट्नंतर आज्या स्वतःच मला धीर देऊ लागतात.

सुईची दिशा कशी ठेवतात हे रुग्णाला दिसत नाही, पण सगळं कसब तिथेच आहे. जाड झालेल्या भिंतीत सुई आडवी, भिंतीला समांतर सरकवायची, म्हणजे ती आतड्याच्या पोकळीत शिरत नाही आणि तुकडा लांब येतो. गाठीच्या मधोमध बरेचदा मेलेला, कुजलेला भाग असतो. तिथून घेतलेला तुकडा फुकट जातो. नमुना कडेच्या जिवंत भागातून घ्यायचा. दोन-चार वेळा बंदूक चालते, वेळ अर्ध्या तासाच्या आत.

आतल्या सोनोग्राफीला झोपेचं इंजेक्शन देतात. डाव्या कुशीवर झोपवतात आणि बहुतेकांना काही आठवत नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, बँकेची किंवा जमिनीच्या कागदांची सही करायची नाही. बरोबर जबाबदार माणूस हवाच.

दोन्ही पद्धतींत मोठी गुंतागुंत शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आतड्याला छिद्र; स्वादुपिंडाची बायोप्सी असेल तर त्याला सूज. नंतर दोन ते चार तास पडून राहायचं, नाडी आणि ब्लडप्रेशर मोजत राहायचं. थोडी ठसठस एक-दोन दिवस राहते. पण दुखणं वाढत चाललं, ताप आला, पोट कडक झालं, चक्कर आली, शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच या.

बाटली

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो तो भाग. सुई चुकल्यामुळे जितक्या बायोप्स्या वाया जातात, तितक्याच तुकडा चुकीच्या बाटलीत पडल्यामुळे जातात, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत झालंय.

सुईतून निघालेला तुकडा हा दीड-दोन सेंटिमीटरचा पांढुरका दोरा असतो, भिजवलेल्या शेवईच्या तुकड्यासारखा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तळाशी जातो आणि टिकून राहतो. तुकडा तरंगत राहिला तर मला शंका येते, ही नुसती चरबी असावी, आणि मी आणखी एक घेतो. फॉर्मॅलिन पेशी टिकवतं, पण जंतू मारतं. मेलेला जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. म्हणजे टीबीचा संशय असेल तर एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नाही, सलाईनमध्ये जायला हवा. लिम्फोमासाठी फ्लो सायटोमेट्री ही पेशींची तपासणी करायची असेल तरी पेशी जिवंत हव्यात, तिथेही फॉर्मॅलिन चालत नाही.

हे मला आधीपासून ठाऊक होतं, तरी एकदा चुकलो. तालुक्याच्या गावाहून आलेला विशीतला मुलगा, उजव्या बाजूची भिंत जाड, वजन सात-आठ किलोंनी उतरलेलं. तीन तुकडे सुरेख निघाले आणि सवयीने तिन्ही फॉर्मॅलिनमध्ये गेले. रिपोर्ट आला, टीबीसारख्या गाठोळ्या आहेत. औषधं सुरू झाली, फरक पडेना. आता प्रश्न पडला, जंतू औषधांना दाद देतो आहे का? ते सांगायला जंतूच नव्हता, सगळा फॉर्मॅलिनमध्ये मेलेला. त्या मुलाला पुन्हा एसटीने बोलावून पुन्हा सुई लावली. तो काही बोलला नाही, त्याचे वडील मात्र बोलले, आणि ते बरोबर बोलले. तेव्हापासून आमच्या ट्रॉलीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि सुई हातात घेण्याआधी मी स्वतःला मोठ्याने विचारतो, कुठला रोग शोधतोय?

तुम्हीही विचारू शकता: “टीबीसाठी वेगळा नमुना पाठवणार ना?” यात डॉक्टरांचा अपमान नाही. सलाईनमधल्या नमुन्यावर सीबीनॅट नावाची टीबीच्या जंतूची तपासणी होते. मशीनचं उत्तर दोनेक तासांत येतं आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो का हेही त्यातच कळतं. कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं समजू नका. पोटातल्या टीबीत जंतूंची संख्या मुळातच कमी असते.

बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन “समोरच्या लॅबमध्ये नेऊन द्या” असं सांगितलं जातं, ते मला आवडत नाही, पण गावोगावी तसंच चालतं. तेव्हा एवढं पाहा. नाव बाटलीच्या अंगावर लिहिलेलं हवं, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. वय, तुकडा कुठून घेतला आणि कसला संशय आहे हे फॉर्मवर हवं. ‘बायोप्सी’ एवढाच शब्द लिहून पाठवलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे मुक्याने जातो. फॉर्मॅलिनची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. आणि लॅबची पावती फाइलमध्ये लावा, खिशात नको.

रिपोर्ट हातात आल्यावर

साधा रिपोर्ट चार-पाच दिवसांत येतो. “आयएचसी करावी लागेल” असं सांगून आणखी आठवडा मागितला तर चिडू नका. त्यात तुकड्याच्या कापांवर वेगवेगळे रंग चढवून पेशींची जात ओळखतात. जिस्टचं उदाहरण घ्या. साध्या रंगात ती नुसत्या लांबट पेशींची गाठ दिसते, अशा दिसणाऱ्या इतर गाठीही असतात. 1998 मध्ये जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या गाठींमध्ये किट नावाच्या जनुकात बदल असतो. म्हणून आता सीडी117 आणि डॉग-1 हे रंग लावून तिला पकडतात, आणि इमॅटिनिबच्या गोळीने ती आटोक्यात ठेवता येते. तो एक आठवडा म्हणजे कोणती गोळी द्यायची हे ठरवण्याचा आठवडा.

रिपोर्टची भाषा नीट वाचायला हवी. ‘कॉक्स’ लिहिलं असेल तर घाबरून गूगल करू नका. टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून डॉक्टरांनी टीबीला दिलेलं ते टोपणनाव आहे. टीबी ठरला तर सरकारी केंद्रावर औषधं मोफत मिळतात. त्यासाठी निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद होते आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना 1,000 रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500 होते. ‘ग्रॅन्युलोमॅटस’ म्हणजे टीबीची शक्यता मोठी, पण क्रोन्समध्येही ग्रॅन्युलोमा, म्हणजे वर सांगितलेल्या गाठोळ्या, दिसतात. ‘अॅटिपिकल’ म्हणजे पेशी संशयास्पद आहेत, निकाल लागलेला नाही. आणि सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो ‘नॉन-डायग्नॉस्टिक’ किंवा ‘इनअॅडिक्वेट’ या शब्दांचा. याचा अर्थ रोग नाही असा नव्हे. परीक्षेला विद्यार्थी गैरहजर, एवढंच. शून्य मार्क नाहीत आणि पासही नाही. सीटीत गाठ ठळक दिसत असेल, वजन उतरत असेल आणि बायोप्सी काही नाही म्हणत असेल, तर बायोप्सीवर नाही, गाठीवर विश्वास ठेवायचा. पुन्हा सुई, वाट बदलून सुई, नाहीतर पोटात छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने.

शेवटचं, ब्लॉकबद्दल. तुमचा तो शेवईएवढा तुकडा लॅबमध्ये मेणाच्या चौकोनी वडीत गाडून ठेवतात. तो ब्लॉक, आणि त्याच्या कापांच्या काचपट्ट्या. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या केंद्रात दाखवायला गेलात की तिथे पहिल्यांदा तेच मागतात, कागदावरचा रिपोर्ट त्यांना पुरत नाही. लॅबमध्ये अर्ज करून, सही करून ब्लॉक आणि काचपट्ट्या घ्या. किती ब्लॉक दिले हे कागदावर लिहून घ्या आणि त्यांच्यावरचे नंबर रिपोर्टशी जुळवून पाहा. काचपट्ट्या कापसात गुंडाळून डबीत. ब्लॉक मेणाचा असतो, हे विदर्भ-मराठवाड्यातून मे महिन्यात निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवून जेवायला उतरू नका. जेवायला उतराल तेव्हा ब्लॉकची डबी खिशात घेऊनच उतरा.